चांगल्या फोटोतली पोकळ हाडं

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही देऊन टाकला: नोकरीतला अभिमानाचा प्रसंग. मी हो म्हणालो आणि आठ दिवस वही पुढ्यात घेऊन बसलो. प्रसंग आठवले, नाही असं नाही. पण प्रत्येक प्रसंगाच्या मागं कुणीतरी एक माणूस उभं दिसायला लागलं, ज्याच्यावर मी तेव्हा मनातून जळत होतो. म्हणून अभिमान बाजूला ठेवला. जळण्याबद्दल मला जास्त माहिती आहे.

मी एक्स-रे काढायचो. परभणीतल्या एका खाजगी हाडांच्या दवाखान्यात उभी हयात गेली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. कागदावर माझा हुद्दा टेक्निशियन, पण पेशंटच्या लेखी मी फोटोवाला. डॉक्टर हाड बसवतो, सिस्टर पट्टी बांधते, फोटोवाला नुसता 'हलू नका' म्हणतो आणि पडद्यामागं पळून जातो, असा समज. पळून गेलो नसतो तर हे लिहायला उरलो नसतो, हे कोण कुणाला सांगणार.

माणसं तऱ्हेतऱ्हेची यायची. पोखर्णीकडचा एक जण डॉक्टरांच्या आधी फिल्म तिथल्या देवळात नरसिंहाच्या पायावर ठेवून आणायचा. मग डॉक्टर ती उजेडात धरून विचारायचे, कदम, ही चीर आहे का कुंकू? जिंतूरच्या एका आजोबांना त्यांच्या खुब्याची फिल्म इतकी आवडली, की ते ती पिशवीत घालून लग्नकार्याला न्यायचे आणि पंगतीत दाखवायचे. ग्रहण आलं की आख्खी गल्ली जुन्या फिल्मा मागायला यायची. खरं सांगतो, माझ्या कामाची कदर ग्रहण बघणाऱ्यांइतकी दुसऱ्या कुणी केली नाही.

आता धंद्यातली गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हाड किरण अडवतं, म्हणून फिल्मवर पांढरं दिसतं. मांस अडवत नाही, ते काळपट. किरण जास्त सोडले तर सगळंच काळं, कमी सोडले तर सगळंच धुरकट. आता संगणक आलाय, तो आपला आपण सावरून घेतो. माझ्या काळात मशीनला गोल खुंट्या होत्या आणि अंदाज डोळ्यांत होता. पैलवानाच्या मांडीला किती, बाळंतिणीच्या मनगटाला किती, हे मी नुसतं चाचपून सांगायचो आणि एका लाल वहीत टिपून ठेवायचो. मग अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायची. उन्हाळ्यात ते धुवायचं औषध इतकं तापायचं की चांगली फिल्मसुद्धा काळी पडायची. मी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणून ट्रेभोवती लावायचो. डॉक्टर फिल्म हातात घेऊन म्हणायचे, "कदम, फोटो काढावा तर तुम्हीच." त्या एका वाक्यावर माझे पंधरा दिवस जायचे.

मग शेख मॅडम आल्या.

रक्त तपासायची लॅब माझ्या खोलीसमोर होती. आधीचा माणूस सोडून गेला आणि या बाई रुजू झाल्या. माझ्याच वयाच्या, चष्मा लावणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या लॅबला खिडकी होती. माझ्या खोलीला नव्हती, आणि कामच असं की असूही शकत नव्हती. त्यांच्या लॅबमध्ये फ्रिज होता. डॉक्टर अकराचा चहा आधी माझ्याकडं उभ्या उभ्या प्यायचे, ते हळूहळू तिकडं बसून प्यायला लागले. बाई पेशंटला सुई टोचायच्या आणि पेशंट जाताना त्यांनाच दुवा देऊन जायचे. हुरड्याच्या दिवसांत त्यांच्या टेबलावर हुरडा, बोरांच्या दिवसांत बोरं. त्या दर वेळी एका कागदावर अर्धा वाटा माझ्याकडं पाठवायच्या. मी तो खायचो आणि वर म्हणायचो, यंदा बोरं आंबटच निघाली.

याला मत्सर म्हणतात हे मला तेव्हाही कळत होतं. पोटात दुखतं आणि ओवा मागायचीही सोय नसते.

कोंडाबाई पहिल्यांदा आली ती मे महिन्यात. पालमकडची, मेंढपाळाच्या घरची. चाळिशीची असेल, शिडशिडीत, उन्हानं रापलेली. दिवाळी झाली की ही माणसं कळप घेऊन बाहेर पडतात आणि पाऊस तोंडावर आल्यावरच घरी येतात. नवरा सोपान सांगायचा, की कळपाच्या पुढं चालायचा मान हिचा, मी आपला मागनं हाकत येतो. तर ही बाई एक कोकरू उचलायला वाकली आणि हातच मोडला. कोकरू ते केवढं.

मी फोटो काढला. बारीक हात, वहीतला नेहमीचा आकडा. फिल्म धुऊन बघतो तर काळी. हाड असं फिकं, जणू आहे आणि नाही. मी औषधाला शिव्या घातल्या, बर्फ बदलला, किरण कमी केले आणि दुसरी फिल्म काढली. काय सुरेख आली. पहिली भंगारात टाकली आणि दुसरी डॉक्टरांकडं नेली. डॉक्टर म्हणाले, झकास. प्लास्टर घातलं, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, बाई घरी गेली.

आठ महिन्यांनी ती परत आली. खोकताना बरगडी दुखावली होती. बर्फाची गरज नसलेली थंडी होती, औषध ताजं होतं, आणि तरीही पहिली फिल्म काळीच आली. मी परत किरण कमी केले, परत छान फोटो काढला. आणि वहीत लिहून ठेवलं: कोंडाबाई, पालम, कमी लावणे.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला मात्र अजून दोन महिने लागले. किरण ज्या हाडातून आरपार जातात, ते हाड आतून रिकामं झालेलं असतं. काळी फिल्म खरं बोलत होती. मी ती दोनदा फेकून दिली आणि पोकळ हाडाचा देखणा फोटो काढून डॉक्टरांच्या हातात ठेवला, शाबासकीसाठी. अडाणी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. त्याला तेवढं सावरून घेता आलं नसतं.

तिसऱ्यांदा ती आली ती पोटदुखीनं; ओळखीचा म्हणून दवाखाना आमचाच. मधल्या काळात दुसरीकडं मूतखडाही निघाला होता. सोपान बाकावर बसून शेख मॅडमना सांगत होता आणि मी दार अर्धं उघडं ठेवून ऐकत होतो. तो म्हणत होता, "बाई, ही पयल्यासारखी राह्यली न्हाई. घागरभर पाणी पिऊन बी तहान हाय म्हणायलीय. मेंढरं मोजता मोजता मधीच थांबायलीय. काय इचारलं तर बघत राह्यलीय नुसती."

डॉक्टरांनी रक्त फक्त मूत्रपिंडासाठी सांगितलं होतं. मॅडमनी उरलेल्या रक्तात, कुणी न सांगता, कॅल्शियम तपासलं. ते साडेआठ ते साडेदहाच्या मध्ये असावं लागतं. तिचं तेरा निघालं. कुणीही पळत जाऊन डॉक्टरांना सांगितलं असतं. या बाईंनी सांगितलं नाही. दंडाला पट्टा आवळून जास्त वेळ ठेवला तर आकडा खोटाच वाढतो, म्हणून त्यांनी त्या दोघांना परभणीतल्या नातेवाइकाकडं मुक्कामाला ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पट्टा न बांधता, शीर शोधत शोधत परत रक्त घेतलं. परत तेरा. मग त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

डॉक्टरांचा आवाज मला माझ्या बिनखिडकीच्या खोलीत ऐकू आला. इतका खूश आवाज माझ्या कुठल्याच फिल्मनं काढला नव्हता.

रोग असा. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी सगळ्यांना ठाऊक असते. तिच्या पाठीमागं चार बारीक ग्रंथी असतात, तुरीच्या डाळीएवढ्या. पॅराथायरॉइड त्यांचं नाव, पण थायरॉइडच्या कामाशी त्यांचा संबंध नाही. रक्तातलं कॅल्शियम राखायचं, हे त्यांचं काम. हृदय चालायला, नसा चालायला रक्तात ते नेमकं लागतं. कमी पडलं की या ग्रंथी हाडाला हुकूम सोडतात, काढ थोडं. पुरेसं झालं की गप्प बसतात. कधी कधी त्यातली एखादी फुगते आणि गप्प बसायचं विसरते. मग हाड देत राहतं आणि रिकामं होत जातं. रक्तात कॅल्शियम तुंबतं, मूत्रपिंड ते गाळता गाळता खडे करतं, पाणी धरून ठेवणं त्याला जमत नाही म्हणून तहान थांबत नाही, पोट साफ होत नाही, भूक मरते, डोकं जड होतं. एक डाळ बिघडली आणि माणूस डोक्यापासून पायापर्यंत बिघडला. अशा माणसाला आम्ही वरून कॅल्शियमच्या गोळ्या देत होतो.

मॅडम डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माझ्या दाराशी आल्या. कोंडाबाई आत येऊन स्टुलावर टेकली. मॅडम म्हणाल्या, "कदमभाऊ, दोन्ही हातांचा फोटो पाहिजे. बोटांच्या हाडांच्या कडा दिसल्या पाहिजेत. आणि तुमच्या नेहमीच्या आकड्यावर काढा, कमी नका करू. फोटो चांगला नाही आला तरी चालेल."

त्यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं. त्यांनी माझ्या दोन जुन्या फिल्मा बघितल्या होत्या, रक्त एक सांगतंय आणि फोटो दुसरं, म्हणजे फोटोवाल्यानं सावरून घेतलं असणार, एवढा सरळ विचार केला होता. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या खोलीत येऊन ही बाई मला किरण किती लावायचे ते सांगणार. आणि त्याच क्षणी मला वहीतली ती ओळ आठवली. जे बाईंनी दोन थेंब रक्तात शोधलं, ते मी दोन महिन्यांपूर्वी माझ्या अक्षरात लिहून ठेवलेलं होतं आणि मला वाचता आलं नव्हतं. मला तिथंच, त्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईचा इतका द्वेष वाटला, की मी म्हणालो, "फिल्म संपल्यात. सोमवारी या."

तो गुरुवार होता. कपाटात फिल्मांचे तीन डबे होते.

मॅडम म्हणाल्या, बरं, सोमवारी. त्यांना शंकाही आली नाही. डॉक्टर चिठ्ठी लिहून लगेच परगावी निघाले होते, त्यांना विचारायची सोय नव्हती. कोंडाबाईनं एवढंच विचारलं, सोमवारी नक्की ना, आणि नवऱ्याच्या मागं हळूहळू पालमच्या एसटीला गेली. मला काय हवं होतं, तेही सांगून टाकतो. मला फार काही नको होतं. चार दिवस शेख मॅडमचा शोध अर्धवट लटकलेला हवा होता. सोमवारी मी तो फोटो काढणार, आधी मीच बघणार आणि डॉक्टरांना मीच सांगणार, असं मनात मांडून ठेवलं होतं. वाक्यसुद्धा ठरवलं होतं.

हिच्या दुखण्यापायी यंदा कळप लवकरच पालमला परतला होता. शनिवारी कोंडाबाई वाड्यात, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या कुंपणात, एका मेंढीला दाव्यानं ओढत होती. मेंढीनं हिसका दिला, बाईचा पाय वळला. सोपाननं मला पुढं सांगितलं, ती पडून मांडी मोडली नाही. उभ्या उभ्या मोडल्याचा आवाज आला, मग ती पडली.

रविवारी तिला जीपमधून आणलं. मला घरून बोलावून घेतलं. मी मांडीचा फोटो काढला आणि पुन्हा कुणी न सांगता दोन्ही हातांचाही काढला, वहीतल्या नेहमीच्या आकड्यावर. बोटांच्या हाडांच्या कडा घुणानं खाल्ल्यासारख्या झाल्या होत्या, या रोगाची खूणच ती. मांडीचं हाड तर फिल्मवर शोधावं लागत होतं. इतका वाईट फोटो मी आयुष्यात डॉक्टरांच्या हाती दिला नव्हता आणि इतका खराही.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. मग म्हणाले, "हा गुरुवारी झाला असता तर तिला घरी सोडलंच नसतं. पलंगावरून हलू दिलं नसतं." आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडायच्या आत शेख मॅडम म्हणाल्या, सर, फिल्म नव्हत्या, कदमभाऊ तरी काय करणार.

माझ्या बाजूनं त्या बोलल्या. त्याचाही मला राग आला.

तिला मोठ्या शहरात नेलं. गळ्यातून एक ग्रंथी काढली, चिंचोक्याएवढी झालेली. मग मांडीत सळई घातली. ग्रंथी काढल्यावर एक नवाच खेळ सुरू होतो, तो मला डॉक्टरांकडून कळला. हुकूम थांबला की इतके दिवस लुटलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखी ओढून घेतात. रक्तातलं इतकं उतरतं की ओठांना मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात. आता मात्र कॅल्शियम शिरेतून आणि मुठीमुठीनं गोळ्यांनी द्यावं लागतं. जी गोळी काल विष होती ती आज औषध. पंधरा दिवसांत बाईची तहान गेली. महिन्यानं ती नवऱ्यावर ओरडायला लागली, तेव्हा सोपान म्हणाला, आता आमची कोंडा परत आली.

मांडी मात्र वेळ घेऊन जुळली आणि आखूड जुळली. काठी आली.

पावसाळा संपता संपता गावातल्या डॉक्टरमंडळींनी एका हॉलमध्ये शेख मॅडमचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. टाळ्या वाजवत होतो आणि शालीचा काठ कसला आहे ते बघत होतो. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या आणि दोनच मिनिटं बोलल्या. म्हणाल्या, मी फक्त आकडा बघितला. खात्री कदमभाऊंच्या फोटोनं झाली. रविवारी सुट्टी असून आले आणि कुणी पुन्हा न सांगता हातांचा फोटो काढला, म्हणून निदान पक्कं झालं. सगळ्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर ज्या टाळ्यांसाठी तळमळलो त्या अशा मिळाल्या. त्या बाईंकडं आणखी एक गोष्ट होती जी माझ्याकडं नव्हती, आणि त्या दिवशी मी तिच्यावरही जळलो.

मॅडम नंतर मुलाकडं हैदराबादला गेल्या. त्यांना मी कधी काही सांगितलं नाही. हा अंक तिकडं जात असेल तर हे त्यांनी वाचावं.

कोंडाबाईला एकदा सांगायचा प्रयत्न केला. दिवाळी तोंडावर होती. ती तपासणीच्या फोटोसाठी आली होती, काठी टेकत, एकटीच. सोपान कळपाच्या तयारीत होता. मी विचारलं, यंदा तुम्ही? ती म्हणाली, आता मी घरीच, कोकरं सांभाळते, मोठा कळप दीर अन् मालक नेतात. बोलताना तिचा चेहरा सरळ होता. मला राहवलं नाही. मी दार लावून घेतलं आणि म्हणालो, "बाई, त्या गुरुवारी मी खोटं बोललो. फिल्म होत्या."

ती म्हणाली, "ठावं हाय की, दादा. कपाट उघडंच व्हतं, डबे दिसायलेच व्हते."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

"मला वाटलं, आमच्यासाठी नसतील."

एवढं बोलून तिनं काठी भिंतीला लावली, बांगड्या मागं सारल्या, हात टेबलावर पसरला आणि विचारलं, "असा ठिवू का?"